बाबांची दिवसाची झोप

आमच्या घरात दुपारी कुकरची शिट्टी कधी वाजली नाही. बाबा बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कायम रात्रपाळीला. सकाळी कंपनीची बस त्यांना बडकस चौकात सोडायची. भुवयांत कापसाचे तंतू घेऊनच ते गच्चीवर जायचे, उन्हाकडे पाठ करून एक संत्रं खायचे आणि खाली येऊन झोपायचे. मग महालातली आमची अख्खी गल्ली आवाज कमी करायची. दाराच्या कडीला आईनं चिंधी गुंडाळलेली असे. भाजीवाला धोंडबा आमच्या दारावरून गाडी मुकाट ढकलत नेई आणि पुढच्या घरापाशी पुन्हा ओरडू लागे. खोलीच्या खिडकीच्या काचा आतून काळ्या रंगवल्या होत्या.

संध्याकाळी उठवायचं काम माझं. हाक मारायची नाही. रजईखाली हात घालून पायाचा अंगठा धरायचा आणि जरासा हलवायचा. "बाबा, उठा. बस येऊन राहिली." तो अंगठा माझ्या मुठीत मावत नसे, आणि नेहमी गरम असे. पुढे पुण्याला झोपेच्या शरीरशास्त्रावर काम करू लागले तेव्हा कळलं, की हे सगळ्यांचंच असतं. झोपेत हातापायांची टोकं गरम होतात, जाग येऊ लागली की गार पडतात. तोवर मला ती फक्त बाबांची खासियत वाटत होती.

गेल्या जानेवारीत बाबा सकाळी झोपले आणि दुपारी कधीतरी झोपेतच गेले. कुणाला कळलं नाही. आईनं डाळ पातेल्यात शिजवली. शेजारच्या प्रेमलताकाकूंनी नातवाला दटावलं. धोंडबा मुकाट गेला. गेलेल्या माणसाची झोप गल्लीनं दिवसभर जपली. संध्याकाळी आईनं अंगठा धरला तेव्हा तो गार होता.

या डिसेंबरात काकूंचा फोन आला. "नंदिनी, येऊन जाय वं. तुही माय रातभर जागते, अन् दिवसा त्या खोलीच्या उंबरठ्यावर पडून राह्यते. अर्धी झाली ते."

मी आले. आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. उपाय मला ठाऊक होता, आणि तो साधा होता. शरीराचं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागतं. सकाळी ऊन, रात्री अंधार, जेवण वेळेवर. काकू हसल्या. "पुण्याची होऊन आली, ऊन बी चमच्यानं पाजून राहिली मायले."

पण आई गच्चीवर यायला तयार नव्हती.

"काहून नाही?"

"मी वर गेली अन् त्याईले जाग आली तं?"

"आई, बाबा नाहीत आता."

"मले माहीत नाही का? मीच हात लावला होता." ती शांत होती. "पण ते उठलेच नाही ना. कोणी उठवलंच नाही त्याईले. तू एवढी शिकली, सांग मले. उठल्याबिगर माणूस जाते कुठं?"

 दुसऱ्या दिवशी दुपारी मी जुनं ब्लेड घेऊन काचांवरचा रंग खरवडला. खिडकी पश्चिमेची. हिवाळ्यातलं उतरतं ऊन आत आलं, फरशीवरून सरकत खाटेच्या पायापर्यंत गेलं आणि थांबलं.

मी कारण शोधलं. समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, केबलच्या तारा. कशाचीच सावली इथवर येत नव्हती. मी खाटेवर हात पुढे केला. मनगटापर्यंत ऊन होतं, पुढे नव्हतं. मोबाइलवर उजेड मोजायची सोय होती. खाटेच्या कडेशी आकडा एकदम पडला, बंद खोलीत पडतो तसा.

बाहेर धोंडबाची मेथी-कोथिंबिरीची हाळी ऐकू आली. "मेथीऽ, सांबारऽ..." आमच्या दाराशी ती तुटली. मी खिडकीतून विचारलं, "धोंडबाजी, आता काहून गप राहता? झोपायला कोण आहे इथं?"

त्यानं गाडी दोन घरं पुढे नेली आणि मगच बोलला. "गप नाही राहत, बाई. तोंड उघडतो. इथं आवाजच निघत नाही."

संध्याकाळी मी चहा केला, कप खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला आणि पायथ्याशी बसले. आई उंबरठ्यावरून बघत होती. मी हे तिच्यासाठी करत होते. निदान तसं मी स्वतःला सांगितलं.

रजई सपाट होती. मी हात आत घातला.

कापूस गार होता. मग नव्हता.

अंगठा मुठीत आला. आता तो मावत होता.

"बाबा, उठा. बस येऊन राहिली."

काही झालं नाही. मग मुठीतली ऊब हळूहळू उतरू लागली. मेल्यावर उतरते तशी नव्हे, जाग येताना उतरते तशी. मला तो फरक कळतो.

मूठ रिकामी झाली. मावळतं ऊन उशीपर्यंत गेलं.

आईनं पदर तोंडाला लावला. "डबा नाही देल्ला वं त्याईले," ती म्हणाली, आणि तिथेच भिंतीला टेकून तिला झोप लागली.

रात्रभर ती हलली नाही. सकाळी उठून आपणहून गच्चीवर गेली आणि उन्हाकडे पाठ करून बसली. वर्षभरानं तिच्या गालांवर रंग दिसला. तिनं संत्रं सोललं, अर्धं मला दिलं. त्या वासानं मी पुन्हा शाळकरी झाले. पाठ तापत होती. खाली गल्लीच्या टोकाला धोंडबा ओरडत होता, आणि आज तो आमच्या दारावरूनही ओरडत जाईल, या विचारानं मला हसू आलं.

हाळी जवळ आली. दाराशी तुटली.

आईचा संत्रं सोलणारा हात थांबला. तिनं कान दिला, मग समाधानानं मान हलवली.

"आले."

"कोण?"

"असं काय करतं? कामावर गेलेला माणूस सकाळी घरी येतेच ना?" तिनं एक फोड तोंडात टाकली. "बरं झालं तू आली. मी आता रात्री निवांत झोपत जाईन. त्याईले संध्याकाळी तू उठवजो."

"आई, रविवारी माझी गाडी आहे."

 ती डोळे मिटून ऊन घेत राहिली.

मी खाली आले. कडीवरची चिंधी केव्हाच जीर्ण होऊन गळून पडली होती, म्हणून दार जपून लोटलं. रजई सपाट होती. उशीवर कापसाचे चार-दोन पांढरे तंतू होते, मशीनच्या तेलाचा वास असलेले. पायथ्याशी हात घातला.

गरम होतं.

स्वयंपाकघरात मी लावून आलेल्या कुकरची शिट्टी थरथरू लागली होती. मी पाय न वाजवता धावत गेले आणि ती होण्याआधीच गॅस बंद केला.