सातवा हात

पटत नसेल तर वाचू नका, माझं काही अडत नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिसतं तेवढंच मी मानतो.

आणि हे मी भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

वार मंगळवार. जागा, सॉलिसिटर परिषदेची पहिल्या मजल्यावरची सभेची खोली.

ही परिषद म्हणजे सगळ्या सॉलिसिटरांवर देखरेख ठेवणारी मंडळी. कोणाला सनद द्यायची, कोणाची काढून घ्यायची, हे त्यांच्या हातात. देखरेख कसली, डोंबल! चहा ढोसायचा आणि एकमेकांची पाठ थोपटायची. त्या दिवशीसुद्धा पहिला अर्धा तास कशात गेला? तर भिंतीवरची अध्यक्षांची तसबीर डावीकडे कललीय की उजवीकडे, या चर्चेत.

त्यानंतरचा विषय होता माझी ताई.

ताई इतकी वर्षं इमानाने सॉलिसिटरकी करत आलेली. अध्यक्षांचा भाचाही त्याच धंद्यात. त्याने एका म्हातारीचं घर खोट्या सहीवर विकलं आणि ताईने तक्रार केली. भाचा सुटला. ताईवर मात्र व्यवसायाची बदनामी केल्याचा ठपका आला. आता तिची सनद काढायची होती.

एकच अडचण होती. निर्णयाची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि कोरमला निदान सात सदस्य हजर लागत होते.

खोलीत सदस्य होते सहा.

"होकाका कुठायत?" अध्यक्ष कोपऱ्यातल्या सचिवांवर खेकसले.

"येतील साहेब. त्यांनी कधी सभा चुकवलीय?"

होकाका म्हणजे सगळ्यांत जुने सदस्य. अध्यक्षांनी काहीही म्हणावं, यांचा हात वर. बरेचदा झोपेतच. त्यांचा जाड भिंगांचा चष्मा मीच बनवलेला. तो नसला की समोरचा माणूस की कपाट, हेही त्यांना कळायचं नाही.

ताईने माझा हात घट्ट धरला. "आज नाही आले ना, तर सुटले रे मी."

मी दाराकडे टक लावून बसलो. दार बंद होतं. बंदच राहिलं.

तरीही...

"चला, सात झाले," अध्यक्ष म्हणाले.

मी वळून पाहिलं. शेवटच्या खुर्चीत होकाका बसले होते.

खुर्ची सरकल्याचा आवाज नाही. काठीची टकटक नाही. त्यांची धाप एरवी जिन्यापासून ऐकू यायची... तीही नाही.

आणि डोळ्यांवर चष्मा नव्हता.

चष्म्याशिवाय ते थेट ताईकडे बघत होते. पापणी हलत नव्हती.

मी कुजबुजलो, "ताई, काका बघ ना कसे..."

"गप रे." तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. काका कसे दिसतायत याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ते आले, एवढंच तिला दिसत होतं.

अध्यक्षांनी मान वर न करता विचारलं, "सनद रद्द. बाजूने कोण?"

सहा हात वर झाले.

मग सातवा... सावकाश, दोरीने ओढल्यासारखा.

"एकमताने मंजूर!"

तेवढ्यात फोन वाजला. सचिवांनी घेतला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"होकाकांच्या सूनबाई होत्या. काका... सकाळीच गेले म्हणतायत. गडबडीत कळवायचं राहिलं."

सगळ्यांनी शेवटच्या खुर्चीकडे पाहिलं.

रिकामी.

एरवी छाती काढून बसणारे ते सहा जण एकमेकांना बिलगले. एकाने तर सचिवांचा हात धरला.

ताई उठली. "म्हणजे तुम्ही सहाच होतात. निर्णय झालाच नाही."

अध्यक्षांना दरदरून घाम फुटला होता. पण भाचा तो भाचा. त्यांनी घसा साफ केला. "सदस्य उपस्थित होते. आम्ही सर्वांनी पाहिलं."

"अहो, मेलेला माणूस!"

"सदस्य जिवंत असावा, असं नियमात कुठंय?"

सचिव पुटपुटले, "नाही साहेब. नुसतं उपस्थित म्हटलंय."

निर्लज्ज माणसं मी खूप पाहिलीत. पण भुताला कोरममध्ये धरणारी जमात मी तेवढीच एक पाहिली.

संध्याकाळी ताई म्हणाली, "चल, काकांना बघून येऊ."

मी भडकलो. "मेल्यावरही तुझा गळा कापायला आला तो माणूस!"

"चल म्हणते ना."

होकाकांच्या घरी अध्यक्ष आधीच पोचले होते, तोंड पाडून. कॉटवर काकांना चादरीने झाकलं होतं. पण चादर छातीपाशी सपाट नव्हती. आतून काहीतरी उभं होतं...

सूनबाई हलक्या आवाजात सांगू लागल्या. "सकाळी आम्ही दोन्ही हात नीट छातीवर ठेवले होते हो. दुपारी मी इथेच बसले होते. माझ्यासमोर चादर वर उचलली गेली... उजवा हात. डॉक्टरांनी दाबून पाहिला, ह्यांनी पाहिला. खाली येतच नाही."

कोणती वेळ, ते मी विचारलं नाही. मला माहीत होती.

ताई कॉटजवळ बसली. चादर सारून तिने तो गार हात धरला.

"काका, एकदा तरी स्वतःच्या मनाने सांगा. मी चुकले होते का?"



हात... हलला.

मग हळूहळू खाली येऊन छातीवर टेकला. ताई ढसाढसा रडली. सभेत तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं.

मी अध्यक्षांकडे वळलो. "पाहिलंत?"

पाहिलं होतं. तरीही तो माणूस म्हणाला, "सभा संपल्यावर हात खाली घेतला, तर तो धरत नाहीत."

परिषदेने होकाकांची जागा अजून भरलेली नाही. गरज नाही म्हणे. आत सहा जण जातात आणि सभा होतात. ठराव एकमताने मंजूर होतात.

ताईने अपील केलंय. येत्या मंगळवारी सुनावणी आहे, त्याच खोलीत. या वेळी काका हात वर करणार नाहीत, अशी तिची खात्री आहे.

माझी नाही... चाळीस वर्षांची सवय आहे ती.