माणसांच्या मागचा थर

दुपारची जेवणं उरकली, तशी सुनेनं सासऱ्यांची उशी सारखी केली, पडदा अर्धा ओढला आणि त्यांच्या पलंगाशेजारीच लॅपटॉप उघडून बसली. आजचं काम घरचंच होतं.

सासरे चित्रकलेचे मास्तर. निवृत्त झाले आणि पाठोपाठ अर्धांगवायूनं उजवा हातही गेला आणि वाचाही. तेव्हापासून ते डाव्या हातानं एकच चित्र काढत, खोडत, पुन्हा गिरवत बसायचे. हीच खोली, आणि भिंतीला पाठ लावून उभे तिघं : स्वतः, मुलगा आणि सून. तिघं एकमेकांना इतके चिकटलेले, की मध्ये बोटसुद्धा शिरू नये.

"म्हातारपणी माया फार," मुलगा हसून म्हणायचा.

सुनेचा पेशाच चित्रं हलती करण्याचा. हात, मान, पापण्या वेगळ्या कापायच्या, प्रत्येकाचा निराळा लेयर, म्हणजे थर, करायचा आणि मग हवं तसं नाचवायचं. बाबांना त्यांचंच चित्र हात हलवताना दाखवू, तेवढंच त्यांना हसू येईल, असं तिच्या मनात आलं होतं.

चित्र स्कॅन करून घेतलं. कडेकडेनं कापत तिनं आधी नवऱ्याला वेगळं केलं आणि बाजूला सरकवलं. माणूस उचलला की खाली भोक उरतं. ते आपणच रंगवून बुजवायचं असतं. कागद एकच, त्याच्या मागे असणार काय?

पण भोक पडलंच नाही.

तिथे पेन्सिलीनं काढलेली एक छाती होती. अरुंद, लांबच लांब. वर छताला टेकून वाकलेली मान.

तिला वाटलं, आपलंच कापताना काहीतरी चुकलं. तिनं स्वतःला सरकवलं. मागे एक दंड. मग बाबांना सरकवलं. मागे पंजा, पुढच्याला ढकलत असल्यासारखा ताणलेला. चेहऱ्याच्या जागी तेवढं खोडून खोडून खरवडलेलं.

खोलीत ओल्या खडूचा वास सुटला होता.

"बाबा... हे तुम्ही काढलंय?"

तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मास्तरांचा डावा हात वर आला. "ब... ब..." यापुढे तोंडातून काही फुटेना. त्यांनी हात छातीवर दाबला, मग तिच्याकडे बोट केलं, मग तळवा आडवा धरला. दार लोटून धरावं, तसा.

"अडवायला?" तिनं विचारलं. "आम्हाला पुढे उभं केलंत ते... त्याला अडवायला?"

मास्तरांनी डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी ओघळलं.

तिनं घाईघाईनं सगळं उलटं फिरवलं. माणसं आपापल्या जागी आली, पण त्या लांब आकृतीच्या मागे. तो पुढे. लेयरच्या यादीत सगळ्यात वर एक बिननावाचा लेयर, तिनं न केलेला. तो खाली सरकेना, पुसला जाईना. शेवटी तिनं फाइलच उडवली आणि मूळ कागद उचलून पाहिला.

कागदावर तिघं होते. पण आता एकमेकांपासून हातभर लांब. आणि त्यांच्या मागे नुसती कोरी भिंत.

मास्तरांनी खुणेनं पेन्सिल मागितली. तिनं हातात दिली. बोटांत ती ठरेना. तीनदा दिली, तीनदा गळून पडली. काय करावं, कुणाला सांगावं, तिला काही सुचेना. सांगणार तरी काय?

संध्याकाळी नवरा आला. बूट काढून नेहमीसारखा वडिलांच्या पलंगावर टेकला.

"काय बाबा, आज काय काढलंत?"

मास्तर त्याच्याकडे बघतच नव्हते. त्याच्या डोक्याच्या वीतभर वर बघत होते.

"अहो बाबा, इकडे... मी इथे आहे."

सून चहाचा कप घेऊन दारातच थिजली. मास्तरांची नजर हळूहळू खाली उतरत होती... मुलाच्या कपाळापर्यंत, मग कानापर्यंत. मागून कुणीतरी वाकत असावं, तशी.

नवऱ्यानं कान चोळला आणि तिच्याकडे वळून हसला.

"काय गं? काय म्हणालीस?"

तिनं तोंडही उघडलं नव्हतं.