आडोशाचं वारं

मार्चमधली दुपार. प्रथमोपचाराची पेटी मांडीवर घेऊन ज्योत्स्ना गेणबाच्या होडीत बसली होती. लासुर्ण्याच्या आरोग्य उपकेंद्रात ती नर्स होती. उजनीच्या पाण्यातल्या बेटावर बिरदेवानं सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तंबू टाकले होते, आणि पेटीतली औषधं कशी वापरायची ते एकदा येऊन दाखवा, म्हणून तो महिनाभर मागं लागला होता. तिनं दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा टाळायला कारण सापडेना.

चार वर्षांत ती पाण्यावर आली नव्हती.

बेट म्हणजे धरण भरलं तेव्हा वर राहिलेला टेकाडाचा माथा. पश्चिमेचं वारं टेकाडावर आपटायचं, आणि पूर्वेच्या वळणात, वाळूच्या लहानशा पट्ट्यावर, काडीसुद्धा हलायची नाही. ही जागा शोधली होती तिच्या नवऱ्यानं, बुद्धघोषनं. बारामतीजवळच्या एका शेतकी केंद्रात तो हवामानाच्या नोंदी ठेवायचा. रविवारी आपली छोटी होडी घेऊन रोहित पक्षी बघायला बेटावर जायचा. लग्नानंतरच्या कितीतरी दुपारी दोघांनी त्या आडोशाला काढल्या होत्या. टेकाडापलीकडं सोसाट्याचं वारं, आणि इथं त्याच्या हातातल्या काडीची ज्योतही थरथरत नसे.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तो तिथूनच निघाला आणि पोचला नाही. होडी मधल्या पाण्यात उलटी सापडली, तो दुसऱ्या दिवशी. वाऱ्याचं एवढं कळणारा माणूस असा निघालाच कसा, असं सगळे म्हणाले. उत्तर एकट्या ज्योत्स्नाला माहीत होतं. त्या दुपारी त्यानं फोन केला होता, वारं पडलं की निघतो म्हणून. लेकीचा, निकिताचा, नववा वाढदिवस. पाहुणे येऊन बसलेले. ती चिडून म्हणाली होती, "आत्ता निघा, न्हायतर तितंच ऱ्हावा."

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

बेटावर उतरल्यावर तिच्या पहिलं लक्षात आलं ते हे, की तंबू भलत्याच बाजूला होते. पश्चिमेकडं, भर वाऱ्यात. दोर ताणलेले, कापड फुगलेलं. बिरदेवाला औषधं समजावून झाल्यावर तिनं विचारलं, पलीकडं एवढी आडोशाची जागा असताना इथं कशाला? बिरदेव दुसरंच काही बोलू लागला. गेणबा म्हातारा माणूस, त्यानं मात्र खाली बघत सांगितलं.

"तितं वारं लय लागतं म्हणत्यात, सिस्टर."

"आडोशाला?"

"वाळू हलत न्हाय. पाणी हलत न्हाय. पण तंबू फडफडतोय... पाव्हणं दुसऱ्या दिवशी बिस्तरा गुंडाळत्यात."

ज्योत्स्नाच्या घरात असलं कुणी मानत नव्हतं. सासरे साहेबराव तर भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परतवून लावत. तीही हसली असती. पण तिला भीतीऐवजी तिकडं जावंसं वाटलं. जरा पाय मोकळे करून येते, असं सांगून ती एकटीच टेकाड चढली.

माथा ओलांडला तसं वारं पाठीमागं तुटलं. उतरणीवरचं वाळलं गवत चित्रातल्यासारखं उभं होतं. खाली पाणी काचेसारखं. वाळूचा, शेवाळाचा, उन्हात तापलेल्या शिंपल्यांचा वास. एवढं शांत की तिला स्वतःचा श्वास मोठा वाटू लागला.

मग आवाज आला. ओलं कापड फडफडल्याचा.

तो पाण्याकडं तोंड करून बसला होता. निळ्या चौकड्यांचा शर्ट पाठीवर टम्म फुगलेला, बाह्या फडाफडा हलत होत्या, केस एका अंगाला चेपलेले. टोपी उडू नये म्हणून त्यानं ती गुडघ्याखाली दाबून धरली होती. त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर बाभळीची फांदी होती. तिचं एक पानही हलत नव्हतं.

ज्योत्स्ना ओरडली नाही. पळावं असंही तिला वाटलं नाही. चार वर्षं ती त्या पाठीची वाट बघत होती. ती हळूहळू खाली आली आणि त्याच्यापासून दोन हातांवर बसली, नेहमीसारखी, डाव्या बाजूला.

"अहो..."

"वारं पडू दे," तो मान न वळवता म्हणाला. मोठ्यानं, सोसाट्यात बोलावं तसं. "पडलं की निघतो..."

"पडलंय हो... कवाच पडलंय."

त्यानं कानामागं हात धरला आणि मान हलवली. त्याला ऐकू येत नव्हतं.

तिनं हात पुढं केला. कोपरापर्यंत हात एकदम गार पडला, बाही फडफडू लागली, बांगड्या एकमेकींवर वाजू लागल्या. खांद्याला मात्र ऊन लागत होतं. हे वारं तिनं ओळखलं. मेमधलं, पावसाआधीचं, फोनमधून ऐकलेलं. चार वर्षं तो त्यातच बसून होता.

डोळे मिटून ती आत वाकली. वाऱ्यानं तोंडातला श्वास ओढून घेतला. चाचपडत त्याच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "चुकलं माझं. तितं ऱ्हाऊ नका... घरी या. सावकाश या."

डोळे उघडले तेव्हा ती एकटीच होती. वाळूवर बसल्याची खूण नव्हती. तिची घट्ट वेणी मात्र पार सुटली होती, आणि दातांखाली रेती करकरत होती. ती होडीशी परतली तेव्हा गेणबानं तिच्या केसांकडं एकदा बघितलं आणि होडी पाण्यात लोटली.

आठ दिवसांनी बिरदेवाचा फोन आला. धीर करून तंबू आडोशाला हलवले, चार कुटुंबं राहिली, कापड हललं नाही, असं तो आनंदानं सांगत होता. त्या संध्याकाळी ज्योत्स्ना पोटभर रडली. सुटला, असं तिला वाटलं.

फोन ठेवता ठेवता बिरदेव आणखी एक बोलला होता. धरणाच्या काठावरच्या पळसदेवला रस्त्याकडंच्या रंगूबाईच्या चहाच्या टपरीवरची ताडपत्री दोन दिवस आपोआप फडफडत होती म्हणे. शेजारच्या टपऱ्यांवर वाऱ्याची झुळूक नव्हती.

पुढच्या पंधरवड्यात उपकेंद्रात बैठकीला आलेल्या एका आशाताईनं त्याच्या अलीकडच्या कळसमधली गोष्ट सांगितली. उभ्या उसात एकच सरी आडवी झालेली, माणूस जाईल एवढी रुंद. बाकी एक पानही हललेलं नाही. एप्रिल संपता संपता नातवाला लस टोचायला आलेली सिंधुबाई सांगू लागली, की कालव्याच्या पुलावर तिचा पदर कुणी ओढावा तसा उडाला, आणि चार पावलं पुढं गेल्यावर हवा पुन्हा ठप्प. सिंधुबाई हसत होती. ज्योत्स्नाच्या हातातली सुई थांबली. कालवा तिच्या घरापासून अर्ध्या मैलावर होता.

बोलावलं होतं तिनंच. कसा येईल, काय घेऊन येईल, याचा विचार केला नव्हता.

ती घरी आली तेव्हा दिवस मावळायचा होता. उकाडा असा की झाडं मेल्यासारखी उभी. निकितानं जमिनीवर शाळेचे कागद पसरले होते. ज्योत्स्नानं आधी दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. मग लेकीला भिंतीकडं सरकवलं आणि एकेका कागदावर वजन ठेवत गेली. तांब्या, खलबत्ता, इस्त्री.

"आई, वारं कुठं हाय?" निकितानं विचारलं.

उंबऱ्यात उभी राहून ज्योत्स्ना ऐकत होती. गल्लीच्या टोकाला कुणाच्या तरी छपराचा पत्रा वाजू लागला होता... आता त्याच्या अलीकडच्या घराचा.