एकही चूक नसलेलं पत्र

पाकीट फोडून पत्र टेबलावर पसरताच तिचा हात सवयीनं लाल पेनाकडे गेला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फिरला आणि तसाच माघारी आला... पत्रात एकही चूक नव्हती! ना ऱ्हस्वाचं दीर्घ, ना अनुस्वार इकडचा तिकडे. दोन महिन्यांनी आलेलं लेकीचं पत्र, आणि तेही इतकं निर्दोष! आईचा ऊर अभिमानानं भरून यायला हवा होता; पण का कोण जाणे, तिच्या काळजात धस्स झालं.

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. छपाईआधीचा मजकूर वाचायचा आणि चुका लाल शाईनं दुरुस्त करायच्या, एवढंच काम. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या फोरमननी बजावलं होतं, "बाई, अर्थात शिरायचं नाही. अर्थात शिरलीस की चूक निसटलीच म्हणून समज. अक्षर बघ, अक्षर!" हा धडा तिनं असा काही अंगी मुरवला, की वाढदिवसाचं निमंत्रण असो की कुणाच्या निधनाची बातमी, तिच्या डोळ्यांना दोन्ही सारखीच.

खरं तर तिला शिकायचं होतं. पण वडील अचानक गेले, पाठची भावंडं लहान, म्हणून पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून ती या टेबलाशी येऊन बसली. पुढे लेक तीन वर्षांची असताना नवराही गेला, आणि तेव्हापासून तिनं एकच ध्यास घेतला... आपलं राहिलेलं कॉलेज या पोरीनं पुरं करायचं! कपाळावरच्या कुरळ्या बटेमुळे लेकीला ती लाडानं वेलांटी म्हणायची.

वेलांटी दूरच्या शहरात शिकायला निघाली, तेव्हा आई म्हणाली होती, "फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं गं. पत्र लिहीत जा." पोरीनं लिहिली. एक, दोन, तीन. आणि आईनं काय करावं? प्रत्येक पत्र लाल शाईनं तपासून, खाली आपल्या चार ओळी खरडून, परत पाठवून दिलं! शाळेतले निबंध ती असेच तपासायची आणि दोघी खिदळायच्या. हेही तसंच, असं तिला वाटलं. माया करायची दुसरी रीत बिचारीला येत कुठे होती?

तिसऱ्या पत्रानंतर पत्रं थांबली. रविवारी वसतिगृहाच्या फोनवरून तेवढं "बरी आहे गं" यायचं. इकडे आई रोज दोन ताटं काढायची आणि एक पुन्हा फळीवर ठेवायची. घरी आल्यावर बोलायला कुणी नाही, म्हणून छापखान्यातून मुद्दाम उशिरा निघायची. जिच्यासाठी जन्म झिजवला, ती चार महिन्यांत विसरली! हा सल उरात घेऊन ती निमूट जेवायची.

आणि आज हे पत्र. "मी बरी आहे. अभ्यास चालू आहे. जेवण चांगलं आहे. काळजी नसावी." शोधायला चूकच नव्हती, म्हणून तिनं लेकीचं पत्र पहिल्यांदाच नुसतं वाचलं. कुठल्याशा कचेरीतून आल्यासारखं होतं ते. तिची वेलांटी त्यात कुठेच नव्हती.

मग आधीच्या पत्रांत काय होतं? ती आठवू लागली... चुका सगळ्या तोंडपाठ होत्या, पण पोरीनं लिहिलं काय होतं, ते आठवेचना! तिसऱ्या पत्रात तीन चुका होत्या. 'ऐकटी'चं तिनं 'एकटी' केलं होतं. 'कुणिही'चं 'कुणीही'. आणि 'यायचयं'मधला अनुस्वार उचलून 'च'वर ठेवला होता, 'यायचंय'. खाली शेराही दिला होता, "तीनच चुका. छान प्रगती!"

एकटी... कुणीही... यायचंय...

"अगं बाई! काय केलं मी हे!" ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस तिनं गाठली. दुपारी वसतिगृहाच्या खोलीचं दार उघडलं, तेव्हा वेलांटी बघतच राहिली. "आई? तू? काय झालं गं?"

"तू हाक मारलीस, आणि मी... मी शुद्धलेखन बघत बसले गं!"

"मी लिहिलं होतं, आई... माझ्याशी इथं कुणीही बोलत नाही, मला घरी यायचंय. तू अनुस्वार सरकवलास. मला वाटलं, तुला कळलंय, पण तुझं उत्तर हेच. 'माझं राहिलेलं कॉलेज तू पुरं कर' म्हणायचीस ना? मग तुला रडगाणं कसं चालेल? म्हणून या वेळी शब्दकोश घेऊन लिहिलं. चार ओळींना दोन तास लागले."

आईला हुंदका आवरेना. "खड्ड्यात गेलं ते कॉलेज! सामान भर, आत्ताच्या आत्ता घरी चल!"

"नाही आई," लेक हळूच म्हणाली. "तेव्हा यायचं होतं. आता झाली सवय."

ती आईची समजूत घालायलाच बोलली होती, पण ते शब्द आईच्या अंतःकरणात खोल रुतले. सगळ्यांत अवघड दिवस पोरीनं एकटीनं काढले होते, आणि ते आता कुणालाही वाटून घेता येणार नव्हते. दाराकडे वळत ती म्हणाली, "बरं... मग मी निघते. चारची बस आहे."

"थांब ना!" वेलांटीनं एकदम तिचा पदर धरला, लहानपणी धरायची तसा. "आज राहा. मला खूप सांगायचंय तुला. पण... खूप मागचं आहे गं सगळं. आता ऐकशील?"

आई खाटेवर बसली, आणि तिनं लेकीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"पहिल्या दिवसापासून सांग," ती म्हणाली.