बर्फातली ओली चिंधी

तुम्ही विश्वास ठेवाच, असा माझा हट्ट नाही. पण यात पदरचा एक शब्द घातलेला नाही.

हे घडलं माझ्या बायकोच्या मामांच्या बाबतीत. ओकी साइझमोर त्यांचं नाव. वेस्ट व्हर्जिनियातला आमचा डोंगर, डिसेंबरातली संध्याकाळ, नुकताच पडून गेलेला बर्फ.

मामांची बंदूक जुनी, तोंडाकडून भरायची. आधी दारू, मग ओल्या चिंधीत बसवलेली शिशाची गोल गोळी, मग ती गजाने ठासायची.

त्या गोळ्या वेल्डामामी घरीच शिसं वितळवून साच्यात ओतायच्या. गादीच्या निळ्या पट्ट्यांच्या कापडाच्या चिंध्या फाडायच्या आणि एकेक तोंडात धरून ओली करून द्यायच्या. वर चिडवायच्या, "थुंकी माझी आणि मिशीला पीळ तुझा."

त्या ऑगस्टात मामी गेल्या.

मामांनी गोळ्यांचा साचा त्यांच्या शवपेटीत ठेवला. तेव्हा भान कुठे होतं त्यांना? नंतर गोळ्यांचा डबा उघडून उरलेल्या मोजल्या. मामींच्या हातच्या गोळ्या आता एवढ्याच. एक उडवली की मामी तेवढ्या कमी होणार.

डबा त्यांनी उशाशी ठेवला आणि दुकानातून टोकदार, लांब गोळ्या आणल्या. या गोळ्यांना चिंधी लागत नाही.

दुकानदार डेल्मर त्यांचा जुना सोबती. त्याने समजावलं.

"तुझ्या नळीतल्या खाचांचा पीळ गोल गोळीसाठी आहे, ओकी. ही हवेत आडवी होईल. हरीण जखमी होऊन पळेल आणि कुठेतरी तडफडत मरेल. वेल्डाच्या गोळ्या आहेत ना घरी?"

"त्या मारायच्या नाहीत," मामा म्हणाले.

घरामागे कागदावर गोळ्या झाडून पाहिल्या. भोकं खरंच आडवी उमटली. असल्या गोळीने हरणावर बार काढायचा नसतो, हे मामा आम्हालाच शिकवत आले. तरी त्यांनी तीच भरली. दुःखात माणसाची मती फिरते, दुसरं काय.

मामा डोंगरावर एका ओंडक्यावर बसले होते.

उजेड उतरत आला.

आणि मग... ओढ्याचा आवाज थांबला.

पाणी वाहताना दिसत होतं. आवाज मात्र नाही. पाखरं गप्प. वारासुद्धा गप्प.

मग अगदी कानामागे...

चर्रर्र.

कापड फाडल्याचा आवाज.

मामांनी वळून पाहिलं नाही. मला म्हणाले, "भीती नव्हती वाटत. वळलो तर ती जाईल असं वाटलं."

तेवढ्यात समोर एक मादी हरीण आलं. मामांचे डोळे भरले होते. कसाबसा चाप ओढला.

धूर विरला. हरीण जागच्या जागी पडलं होतं. तडफडलंसुद्धा नाही.

मामा उठले आणि थबकले.

नळीच्या तोंडापुढे, बर्फावर... एक चिंधी पडली होती.

निळ्या पट्ट्यांची. कडा जळलेल्या. मधोमध ओली.

वेल्डामामींना बर्चच्या झाडाची गोड काडी चघळायची सवय होती. मामांनी ती चिंधी उचलून जिभेला लावली.

बर्चची चव होती.

म्हातारा माणूस बर्फात बसून हुंदके देऊन रडला.

हरीण सोलताना पलीकडच्या कातड्याखाली गोळी सापडली. चपटी झालेली, आणि शिशावर कापडाची वीण उमटलेली. मी ती हातात धरून पाहिली आहे.

पण खरी गोष्ट पुढेच.

बार काढल्यावर नळी साफ करायची असते. मामांनी गज आत घातला. नळी रिकामी असली की गज त्याच्यावरच्या खुणेपर्यंत आत जातो.

गज वरच अडला.

लांब गोळी तळाशी तशीच होती. दारूसकट. उडालीच नव्हती.

मग काय उडालं? मला विचारू नका.

मामांनी ती गोळी आजवर काढलेली नाही. दर हिवाळ्यात तीच भरलेली बंदूक घेऊन त्या ओंडक्यावर बसतात, आणि बार न काढता घरी येतात. हरीण आम्ही मारून देतो. डबा अजून उशाशी आहे.

गेल्या डिसेंबरात मी सोबत गेलो होतो. म्हटलं, म्हाताऱ्याला एकटं कशाला सोडायचं. मी त्यांच्या डाव्या हाताला उभा होतो. मला काहीच ऐकू आलं नाही. ओढा नेहमीसारखा खळखळत होता.

अंधारून आलं, तेव्हा मामा हळूच माझ्याकडे सरकले.

उजवीकडची जागा झटकून त्यांनी तिथला बर्फ साफ केला.

आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बस. दमली असशील."