रिकाम्या खुर्चीची चौकट

तो जिन्यातच छत्री उघडून खाली उतरत होता, मी वर चढत होते. छत्रीची काडी माझ्या केसांत अडकली.

"सातव्या महिन्यात मेलेले मोकळे फिरतात, घरात छत्री उघडू नये," मी म्हटलं. "तिच्याखाली कोण येऊन उभं राहील, नेम नाही."

"तुम्ही आलात की," तो म्हणाला, आणि केस सोडवायला वाकला... हलक्या, भिजल्या बोटांनी.

हा बो-युआन. तैपेईहून आमच्या कीलुंगच्या कचेरीत आलेला नवा प्रोग्रामर. बंदराचे जुने फोटो आम्ही संगणकात भरत होतो. त्याचा प्रोग्राम फोटोतली माणसं, होड्या, पाट्यांवरची अक्षरं शोधायचा आणि प्रत्येकाभोवती लहानात लहान चौकट आखायचा. चौकट नीट बसली का ते पाहून तिला नाव द्यायचं, हे माझं काम.

"सैल झाली," मी म्हणायची. "अंगासरशी हवी."

"कोपऱ्यातला ठिपकासुद्धा ती सोडत नाही, पेइ-लिन. मन मोठं आहे तिचं. शिका काहीतरी."

असे दिवस जात होते. बाहेर झिमझिम, आत चहाची वाफ, आणि मधूनच त्याची नजर... माझ्यावर येऊन टेकलेली, पाखरासारखी, बिचकणारी.

मग तो फोटो आला. दुकानासमोर खलाशी दाटीनं उभे, मध्ये एक रिकामी खुर्ची. प्रोग्रामनं त्या खुर्चीवर चौकट आखली होती, बसल्या माणसाएवढी.

"चुकलाय," बो-युआन म्हणाला. नाव दिल्याशिवाय चौकट पुढे सरकत नव्हती, म्हणून त्यानं तिथे स्वतःचं नाव टाकलं. पूर्ण, आडनावासकट.

मी पेला खाली ठेवला. "हे काय केलंस?"

"तपासणीपुरतं. आम्ही नेहमीच आपलं नाव टाकतो."

"या महिन्यात आम्ही कुणाला पूर्ण नावानं हाकसुद्धा मारत नाही. बंदराच्या पाण्याला कान असतात. आणि तू लिहून दिलंस?"

"आत्ता 'तू' म्हणालीस," तो हसला.

मी नाव पुसलं. ते परत आलं. दुसऱ्या फोटोत धक्क्यावर, तिसऱ्यात होडीत, कुणीच नसलेल्या जागी एक चौकट आणि खाली त्याचं नाव. दर फोटोत ती थोडी पुढे, आमच्याकडे सरकलेली.

एकदा त्यानं कॅमेरा आमच्याकडे वळवला. पडद्यावर मला चौकट मिळाली, किटलीला मिळाली, भिंतीवरच्या दिनदर्शिकेला मिळाली. त्याला नाही.

"बारीक झालो असेन," तो म्हणाला. पण खालच्या मजल्यावरच्या खाणावळीतल्या बाईनं मासळीच्या वड्या आणल्या त्या एकाच वाटीत, माझ्यापुरत्या. "आणखी कुणी आहे का वर?" तिनं विचारलं. तो माझ्या शेजारीच बसला होता.

महिन्याच्या अखेरीला, दिवस मावळताना टेकडीवरच्या देवळाचा दरवाजा बंद होतो. महिनाभर मोकळे फिरणारे सगळे त्याआधी आत परततात. ज्याचं नाव त्यांच्यात गेलं, तोही जातो. हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं.

त्या संध्याकाळी टेबलावरच्या त्याच्या हाताखालून मला लाकडाच्या रेषा दिसत होत्या.

"पेइ-लिन," तो म्हणाला, "जायच्या आधी एक सांगायचं होतं..."

"असलं काही या महिन्यात बोलायचं नाही," मी म्हटलं. खलाशांचा फोटो उघडला. त्याचं नाव पुसलं, आणि ते परत उमटायच्या आत तिथे माझं लिहिलं. पूर्ण. आडनावासकट.

कॅमेरा अजून आमच्याकडेच वळलेला होता; शेजारच्या पडद्यावर बो-युआनभोवती चौकट उमटली, घट्ट, अंगासरशी. माझ्याभोवतीची विझली.

"वेडी आहेस का तू?"

"तूही काही कमी नव्हतास."

टेकडीवर झांजा वाजू लागल्या. माझी बोटं हिवाळ्यातल्या काचेसारखी झाली... पलीकडचं दिसणारी. त्यानं ती पकडली. चटकन, आणि घट्ट.

"एकमेकांना चिकटलेलं सगळं प्रोग्राम एकच धरतो," तो धापा टाकत म्हणाला. "मला घेतलं तर तुलाही घ्यावंच लागेल त्याला. हात सोडू नकोस."

पडद्यावर आमची चौकट रुंदावली. आधी त्याचा खांदा, मग माझं मनगट, माझी वेणी... मग अख्खी मी. आम्ही दोघं, एकाच रेघेच्या आत. हाताचा घाम कुणाचा, ते कळत नव्हतं.

झांजा थांबल्या. दरवाजा लागल्याचा आवाज टेकडी उतरून खाली आला. खुर्चीवरची चौकट माझ्या नावासकट पुसट होत गेली, आणि खलाशांच्या मध्ये नुसती खुर्ची उरली.

"महिना संपला," मी म्हटलं. "आता बोल."

"काय बोलायचं? हात धरला की इतका वेळ."

"तरी बोल. मला ऐकायचंय."

तो बोलला. अगदी हळू, कानाशी. काय, ते माझ्याजवळच राहू दे.

मग लाजून मी हात सोडवला आणि एक पाऊल मागे सरले. तोही सरला. पडद्यावर आता दोन चौकटी व्हायला हव्या होत्या.

चौकट एकच राहिली. आमच्या मधल्या मोकळ्या जागेसकट, दोघांनाही कवेत घेऊन... जणू तिथे कुणीतरी उभं होतं, एका हातात त्याचा हात आणि दुसऱ्या हातात माझा धरून.

बो-युआननं माझ्याकडे पाहिलं. मी 'नाही' अशी मान हलवली. कॅमेरा बंद करायला दोघांपैकी कुणीच पुढे झालं नाही.