सत्तेचाळीस रस्ते

लिफ्ट बंद होती, म्हणून ती जिना चढत होती. तेवढ्यात वरून पत्र्याची एक लांब नळी धाडधाड गडगडत आली आणि तिच्या चपलेला टेकून थांबली. मागोमाग एक उंच, उन्हाने रापलेला माणूस ओशाळल्या चेहऱ्याने उतरला. भाषांतराचं ऑफिस शोधता शोधता एक मजला जास्त चढलो, म्हणाला. काय काम करता, असं तिने विचारलं. रस्ते मोजतो, म्हणाला.

"रस्ते मोजता आणि मजला चुकता?"

"जिन्यावर पाऊलखुणा नसतात ना..." तो म्हणाला, आणि हसला. झालं! त्या हसण्याने तिचा पुढचा महिना गिळून टाकला.

नळीत नकाशे होते. स्पॅनिश बोलणाऱ्या डोंगराळ मुलखात तो दोन वर्षं पायी फिरला होता आणि जिथे मोटार जात नाही असे सगळे लहानसहान रस्ते त्याने मोजले होते. तिथल्या लोकांकडे अशा रस्त्यांना सत्तेचाळीस वेगवेगळी नावं होती. आता तो सगळा अहवाल इंग्रजीत हवा होता. महिनाअखेरपर्यंत पाठवला गेला तर बरं, असं तो सहज म्हणाला. तिने ते सहजच ऐकलं.

त्याच ऑफिसात ती भाषांतर करायची. सगळे तिला 'शंकेखोर' म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तिथली पद्धतच अशी होती की, खात्री नसलेला शब्द शंकापत्रकावर चढवायचा. मग ती वस्तू डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला समोर बसवून विचारायचं, इंग्रजी शब्द ठरवायचा आणि दोघांनी सही करायची. सगळ्या सह्या झाल्याशिवाय कागद बाहेर जात नसे. तिने सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस शब्द पत्रकावर चढवले. ऑफिस चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

तो रोज अकराला यायचा. खिडकीजवळच्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसायची. 'कान्यादा' म्हणजे गुरं हाकत नेण्याचा रुंद पट्टा, 'अताखो' म्हणजे अंतर वाचवणारी जवळची वाट, हे तो बोटांनी टेबलावर चालून दाखवायचा. शेतांच्या बांधांमधून जाणाऱ्या रस्त्याला तिच्या मनात 'पाणंद' हा शब्द आयता तयार असायचा, पण इंग्रजीत मात्र डोकं खाजवावं लागायचं. 'सेंदा' या पायवाटेपाशी तर दोघं तासभर अडली.

"किती रुंद?" तिने विचारलं.

"दोन माणसं शेजारी चालली, तर एकाला गवतातून चालावं लागतं."

"मग गवतातून कोण चालतं?"

"ज्याला जास्त बोलायचं असतं तो," तो म्हणाला, आणि नकाशात डोकं घालून बसला. त्याचे कान लाल झालेले तिने पाहिले.

पण यादी म्हटली की ती संपणारच. तीस शब्द झाले, पस्तीस झाले, आणि ती उरलेले शब्द रोज मोजू लागली. एका सकाळी तिने सही झालेला एक शब्द हळूच खोडून पुन्हा शंकेत घातला. तो मुकाट्याने पुन्हा बसला आणि त्याने पुन्हा सगळं सांगितलं. मग तिला चटकच लागली. रोज एखादा रस्ता परत यायचा. घरी बाबा दिसत नसलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे तोंड करून रोज विचारायचे, तुझा मोजणीदार आज काय म्हणाला? ती म्हणायची, काही नाही हो, रस्ते. महिना उलटून गेला, तरी पत्रक भरलंच नाही.

पुढच्या बुधवारी तो आला तेव्हा बसला नाही. इथे शहरातल्या कचेरीत, नकाशाघरात, नोकरीची एक जागा होती, म्हणाला. पूर्ण झालेला इंग्रजी अहवाल महिनाअखेरपर्यंत दाखवला असता तर ती त्याला मिळाली असती. काल ती दुसऱ्याला गेली. आता उद्या सकाळी पुन्हा डोंगरात, तीन वर्षांसाठी, जिथे पत्रसुद्धा धड पोचत नाही.

आपण आपल्याच हातांनी पायावर धोंडा पाडून घेतला, एवढंच तिला कळलं.

"ते शब्द... आपण आधीच संपवले होते," ती कशीबशी म्हणाली. "मीच खोडत होते."

"माहीत आहे. सह्या माझ्याही होत्या."

"मग बोलला का नाहीत? जागेचं तरी सांगायचंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही दोन दिवसांत संपवलं असतं. मग मी कुठल्या निमित्ताने आलो असतो? वाटलं, दोन्ही जमेल..."

"निमित्त लागतं होय?"

तो नळीचं झाकण फिरवू लागला. "तू एकदा नुसतं ये म्हणाली असतीस ना..." एवढं बोलून तो थांबला. ते 'तू' त्याने मागे घेतलं नाही, आणि तिनेही त्याला अडवलं नाही.

चलतेस का, असं त्याने विचारलं नाही. डोळे गेलेल्या बाबांना तिच्याशिवाय कोणी नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं.

खोडलेले रस्ते दोघांनी एका दमात पुन्हा भरले. एकच शब्द उरला, 'त्रोचा'. कोयत्याने झाडी तोडून काढलेली वाट. वर्षभर कोणी चाललं नाही तर झाडी ती पुन्हा मिटवते, त्याने सांगितलं.

"आणि मिटल्यावर?"

"मग ती फक्त नकाशात असते."

तिने इंग्रजी शब्द लिहिला. दोघांनी सही केली. नळी काखेत मारून तो जिना उतरला. ती कठड्याशी उभी राहून पायऱ्या मोजत राहिली. या वेळी तो मजला चुकला नाही.

मोठ्या बाईंनी पत्रक पाहिलं, शिक्का मारला आणि तिला लवकर घरी जायला सांगितलं.

दार वाजलं तसे बाबा खुर्चीत सावरून बसले आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, काय म्हणाला तुझा मोजणीदार?

ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली.

"मला 'तू' म्हणाला, बाबा," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.